विहिरीला कुलूप

मळ्यातून नीलम घरी आली तेव्हा आबा कॉम्प्युटरपुढं बसून विहिरीला लागलेल्या कुलपाकडे बघत होते. विहीर गेममधली होती, पण आबांचा चेहरा खऱ्या विहिरीला कुणी कुलूप घातल्यासारखा झाला होता.

“विश्वाला उठव,” ते म्हणाले. “माझं पाणी तोडलंय.”

तिचा नवरा विश्वजीत रांजणगावच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. उशिरा येऊन झोपलेला. त्याला उठवायचं म्हणजे नीलमच्या जिवावर आलं, पण आबांचं पाणी तुटलेलं तिला परवडणारं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. आबा, म्हणजे तिचे सासरे हौशीराम, पावसाळ्याच्या तोंडाला मोटरच्या खोलीच्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. शिरूरच्या डॉक्टरांनी प्लेट घातली आणि दिवाळीपर्यंत ढेकळात पाय टाकायचा नाही असं बजावलं. आबांनी मग खाटेवर पडून फोनवरून शेती सुरू केली. सरीला पाणी किती, युरिया कधी, कोण बांधावर बसलंय, का बसलंय. आठवडाभरात भामाबाई, जी गेली कित्येक वर्षं त्यांच्या मळ्यात कामाला येत होती, फोन बंद करून ठेवायला लागली.

विश्वजीतला शेतीचा एक गेम खेळायची सवय होती. त्यानं तो आबांपुढं ठेवला. आबांनी त्यातला हॅटवाला शेतकरी आणि लाल रंगाचं गोदाम बघितलं आणि म्हणाले, “हे आपलं न्हाई.” तेव्हा विश्वजीतनं सुट्टीच्या दिवशी बसून गेम आपला केला. मूळ गेममध्ये आपल्या मनाची भर घालण्याला ही पोरं मॉड म्हणतात. त्यानं मक्याच्या जागी ज्वारी आणली, गोदामाच्या जागी पत्र्याचं शेड, गायींच्या जागी खिलारी बैल. हॅटवाल्याला टोपी घातली. कोपऱ्यात कवठे येमाईतल्या त्यांच्या मळ्यात आहे तशी विहीर पाडली. आबा त्या दिवसापासून सकाळी अंघोळ करून, गंध लावून कॉम्प्युटरपुढं बसायला लागले ते थेट जेवायलाच उठायचे. घर शांत झालं. आणि त्या शांततेत नीलमनं एक काम करून टाकलं होतं, ज्याबद्दल आबांपुढं कुणी तोंड उघडत नव्हतं.

विश्वजीतनं डोळे चोळत स्क्रीन बघितली.

“अपडेट आलंय. कंपनीनं पहारा बसवलाय आत. मॉड दिसला की काढून टाकतो.”

“माझे बैल कुठं गेले?”

“तेच सांगतोय आबा. काढले.”

बैलांच्या जागी काळ्यापांढऱ्या गायी उभ्या होत्या. ज्वारी गेली होती, टोपी गेली होती. विहीर तेवढी राहिली होती, कारण आता कंपनीनंही गेममध्ये स्वतःची विहीर आणली होती, पण ती उघडायला हिरे लागत होते, आणि हिरे विकत घ्यावे लागत होते. हिरे नसतील तर आठ तासांनी एकदा पाणी.

“आठ तासांनी,” आबा म्हणाले. “आन् हे ठरवणारा कोण?”

“कंपनी.”

“आपलं लाईटवालं तरी बरं मग. ते पाणी विकत न्हाईत.”

विश्वजीतनं पहारा चुकवून मॉड परत घालायचा प्रयत्न केला. थोडा वेळ बैल दिसलेही. आबा खुर्चीत पुढं सरकले. मग स्क्रीन लाल झाली आणि वर इंग्रजीत एक ओळ आली.

“काय म्हणतंय?”

“काही न्हाई.”

“वाच की.”

“या खात्यात गैरप्रकार आढळला आहे. सात दिवस बंद.”

आबांनी चष्मा काढला. “खातं कुणाच्या नावावर हाय?”

“तुमच्या.”

“मी सोसायटीचा चेअरमन व्हतो,” आबा हळू आवाजात म्हणाले. “दोनदा. माझ्यावर कुणी गैरप्रकाराचा ठपका ठेवला न्हाई. तक्रार लिही.”

तक्रार मराठीतच लिहायची असं आबांचं म्हणणं पडलं. पण मराठी उमटेना. पहाऱ्यानं मराठी टायपिंगचा प्रोग्रामही मॉड समजून बंद केला होता. शेवटी विश्वजीतनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. उत्तर लगेच आलं. आबांना तेवढंच बरं वाटलं.

“बघ, कुणीतरी बसलंय तिथं. काय म्हणतो?”

“माणूस न्हाई आबा, मशीन हाय. म्हणतंय, तुमच्या भावना आम्ही समजतो. गोल्ड पॅकेज घेतलं तर खातं लगेच चालू होईल.”

“म्हंजी पैसे दिले की गैरप्रकार मिटतो.”

“व्हय.”

“मग हे मशीन न्हाई,” आबा म्हणाले आणि उठून ओसरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आबा ओसरीवरच होते. नीलम भाकरी थापत होती आणि तिचा कान बाहेर होता. आबांनी आधी झुंबरबाईंना, म्हणजे आपल्या मंडळींना, भाजी कशी चिरावी ते सांगितलं. मग रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना थांबवून खतांचे भाव विचारले. मग म्हणाले, “नीलम, माझी काठी दे बरं. उसाकडं चक्कर मारून येतो. बांधावर उभा राहीन. ढेकळात जात न्हाई.”

नीलमनं आत जाऊन विश्वजीतला फोन लावला. तो कॅन्टीनमध्ये होता.

“अहो, ते गोल्ड घ्या.”

“अगं, हजारो खेळणाऱ्यांनी ग्रुपवर ठरवलंय, एक रुपया द्यायचा न्हाई. मीच लिहिलंय ते पहिल्यांदा. आता मीच घेऊ?”

“तुमचं ग्रुपवरलं ऱ्हाऊ द्या. आबांनी काठी मागितलीय.”

पलीकडं ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

“घेतो,” विश्वजीत म्हणाला.

खातं उघडलं. नीलमनं आबांना हाताला धरून परत खुर्चीत बसवलं आणि निर्धास्त होऊन मळ्यात गेली. पण गोल्ड पॅकेजमध्ये काय असतं हे घरात कुणीच विचारलं नव्हतं. आबांनी बी टाकलं की पीक वर येत होतं. कापलं की गोदामात जात होतं, गोदामातून आपोआप विकलं जात होतं. ना पाणी द्यायचं, ना खुरपायचं, ना ढगाकडं बघायचं. झुंबरबाईंनी दिलेला चहा संपेस्तोवर आबांची तीन वर्षांची शेती उरकली होती.

“लावलं की आलं,” ते झुंबरबाईंना म्हणाले. “मग माझं काम काय इथं?”

आणि त्यांनी काठी घेतली. झुंबरबाईंनी लगबगीनं मळ्यात फोन केला. “नीलम, निघालेत.”

मळा घरामागंच, गाडीवाट सपाट. लपवायला वेळ नव्हता आणि अडीच एकर झेंडू लपवणार कुठं? दसरा चार दिवसांवर आला होता, तोडा सुरू होता, आणि बायका मिळत नव्हत्या. सगळ्या गावाचा झेंडू एकदमच फुलला होता. भामाबाई आणि आणखी दोघी, एवढीच माणसं. नीलम हातातलं क्रेट तसंच धरून उभी राहिली.

आबा बांधावर येऊन थांबले. समोर नजर जाईल तिथवर केशरी आणि पिवळं.

“ऊस कुठाय?”

“मोडला.”

“निडवा मोडला? कवा?”

“तुम्ही गेममध्ये हार्वेस्टर घेतला, त्या आठवड्यात.”

आबांनी काठी बांधात रोवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. नीलमला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मला विचारायचं न्हाई?”

“विचारलं व्हतं आबा. म्हणलं, तिसऱ्या खेपेचा ऊस, निडव्यात काही राम न्हाई, मोडून झेंडू लावू का. तुम्ही स्क्रीनकडं बघतच म्हणालात, कर कर, फक्त सेव्ह कर.”

“मी म्हणलो?”

“म्हणला,” भामाबाई सरीतून वर न बघता म्हणाली. “मी दारात व्हते, विळा मागायला आले व्हते.”

आबांनी वाकून बांधाजवळचं एक फूल तोडलं, फिरवून बघितलं, दाबून बघितलं. मग पालथं ठेवलेलं एक क्रेट काठीनं जवळ ओढलं आणि त्यावर बसले.

“भामे, फुलं इकडं वत. निवडून देतो.”

“भिजकं फूल मधी जाऊ देऊ नका,” भामाबाई म्हणाली. “समदं क्रेट काळं पडतंय.”

“बरं.”

हे ‘बरं’ नीलमनं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं. ती क्रेट घेऊन सरीत शिरली. आबांचा हात बसल्याजागी चालत होता तो थेट उन्हं कलेपर्यंत. चांगली फुलं एका बाजूला, भिजकी दुसऱ्या. भरलेल्या क्रेटांची थप्पी आदल्या दिवसापेक्षा दुपटीनं चढली होती.

तेवढ्यात विश्वजीतचा फोन आला. त्याचा आवाज खुशीत होता.

“अगं, कंपनी नमली. लोकांनी एवढा दंगा केला की पहारा काढून टाकला त्यांनी. बैल, विहीर, ज्वारी, समदं जसंच्या तसं. मी घरी आलो की लगेच आबांना लावून देतो. आता हलायचे न्हाईत ते खुर्चीतनं.”

नीलमनं बांधाकडं बघितलं. आबा एका फुलाच्या पाकळ्या वेगळ्या करून, आत ओल आहे का ते डोळ्याजवळ धरून बघत होते.

ती चार पावलं लांब गेली आणि फोनवर हात धरून म्हणाली, “आत्ता त्यांना काही सांगू नका. दसरा होऊ द्या.”