डिस्क म्हणाली, झालं

जुन्या जालन्यातल्या आपल्या फोटो स्टुडिओसाठी संपतने स्वस्तातली एसएसडी डिस्क घेतली. ती मोठ्या फाइलींना रेंगाळायची. मग एक व्हिडिओ बघून त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये राइट कॅशिंगच्या दोन्ही चौकटींत टिक केली. दुसरीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वीज गेल्यास माहिती नष्ट होऊ शकते. संपतने ते वाचलं आणि सोडून दिलं.

डिस्क हरणासारखी पळायला लागली. त्याने बायकोला, भावनाला, कौतुकाने दाखवलं.

"खरंच लिहून राह्यली, का नुसतं हो म्हणून राह्यली?" तिने विचारलं.

संपत हसला.

हसनाबादच्या पुष्पाबाईंच्या मुलीचं, आकांक्षाचं लग्न शूट करून आल्यावर त्याने सगळं डिस्कवर टाकलं. क्षणात 'झालं' असं आलं. त्याने लगेच कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, तोच लाइट गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला होता. बारशाच्या ऑर्डरला उशीर होत होता म्हणून तो तसाच गेला आणि त्याच कार्डावर बारसं शूट करून आला. येऊन बघतो तर लग्नाच्या फाइलींची नावं जागच्या जागी, आत काही नाही. डिस्कने सगळं तात्पुरत्या मेमरीत झेललं होतं, झालं म्हणून सांगितलं होतं, आणि खरं लिहिणं मागे ठेवलं होतं.

भावनाने टोमणा मारला नाही. फोन करू नका, समोर जाऊन सांगा, एवढंच म्हणाली.

पुष्पाबाई अंगणवाडी सेविका. संपतने जयभीम केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आकांक्षाचे डोळे भरून आले. पुष्पाबाई उठल्या. पायात चपला सरकवून बाहेर पडल्या. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्याच काट्यावर वजन करून वाढलेली, त्यांना नाही कोण म्हणणार? थोड्या वेळात अंगणात लग्नाचं शूटिंग केलेल्या मोबाइलवाल्यांची रांग लागली. आता संपत लॅपटॉपवर एकेक फाइल घेई, शेवटपर्यंत चालवून बघे, मगच मोबाइल परत देई. मनात मात्र त्या बाईला हात जोडत होता.

आठवडाभराने जोडलेली फिल्म त्याने पुष्पाबाईंच्या टीव्हीवर लावली. त्रिशरण सुरू झालं, समोर संपतची पाठ. वधूवरांनी हार घातले, मध्ये संपतचा कोपर. आकांक्षाने आईला मिठी मारली, तिथे तर संपतच्या चौकडीच्या शर्टाशिवाय काहीच दिसेना. गावाने सगळ्या बाजूंनी शूटिंग केलं होतं आणि संपत सगळ्या बाजूंना होता. त्याला जमिनीत जावंसं वाटलं. आकांक्षा पदर तोंडाला लावून हसत होती.

पुष्पाबाई मात्र शेवटपर्यंत मन लावून बघत होत्या.

"बिलकुल एक मिनिट टेकला न्हाई हा माणूस," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमी केलेलं आमचं शूटिंग गेलं, जाऊ द्या. गावानं केलेलं तुमचं तर बराबर आलंय."