ऑगस्टाबाईंची दारू

"या शनिवारी भोक एकच!" मर्विनने सफरचंदाच्या पायमध्ये काटा खुपसत जाहीर केलं. "पाच गोळ्या, भोक एक! लिहून घ्या!"

"तुझ्या मोज्याला आहे तसं का?" त्याची बायको लुएला म्हणाली.

समोर सासरे बसले होते, एलवुड. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ मुलखात एलवुडचं नाव घेतलं की लोक टोपी मागे सरकवून "हं!" म्हणत. ते नेमबाजीमुळं. आता म्हातारा थंडीला कंटाळून कायमचा फ्लोरिडाला निघाला होता आणि त्याची बंदूक मागे राहणार होती.

ती बंदूक म्हणजे काय सांगू! नळीचं भोक एवढं बारीक की त्यात शिसपेन्सिलसुद्धा जायची नाही. अक्रोडाचा दस्ता हाताळून हाताळून मधासारखा झालेला. मर्विन तिच्या खोलीत शिरला की आपोआप आवाज खाली आणायचा. लग्नात त्याने लुएलाकडेसुद्धा इतक्या भक्तीने पाहिलं नव्हतं, असं लुएलाच सांगते!

एलवुडने अट घातली होती. शनिवारी मर्विन आणि डॅरिल, दोघांनी याच बंदुकीने शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाडायच्या. ज्याच्या पाचही गोळ्या एका भोकातून जातील त्याचा नेमाचा कागद नेमबाजी क्लबच्या भिंतीवर लागेल. भिंतीवर लागेल त्याची बंदूक. कुणाचाच नाही लागला, तर विकून मोकळं!

डॅरिल म्हणजे लुएलाचा भाऊ. नेमबाजीला येतानाही मासे पकडायचा गळ गाडीत टाकून येणारा माणूस. बंदूक मिळाली तर तळघरात, बिअरच्या फ्रिजवर टांगून तिला नाताळचे दिवे लावीन, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. नाताळचे दिवे! मर्विनची त्या विचाराने झोप उडाली होती.

आता अडचण एकच होती. ही मंडळी काडतुसं विकत घेत नाहीत, घरी हाताने भरतात. कागदावर पडलेल्या पाच भोकांच्या पुंजक्याला घोस म्हणतात, आणि मर्विनचा घोस कोटाच्या बटणाएवढा यायचा. त्याहून लहान होईना. हात स्थिर, डोळा चांगला, मग घोडं पेंड खातंय कुठं? दारूत! (बंदुकीच्या. दुसरीला मर्विन शिवत नाही.) क्लबात चौघांना विचारलं तर चौघांनी चार दारू सांगितल्या. एक म्हणे बारीक दाण्याची, दुसरा म्हणे जाड्या दाण्याची, तिसरा म्हणे गोल दाण्याचीच घे आणि चौथ्याचं ऐकू नकोस! मर्विन आपला वर्षानुवर्षं हिरव्या झाकणाच्या बरणीवर होता. पण हिरवं झाकण काय, कुणाकडेही असतं.

अशात त्याला दारूगोळ्याच्या दुकानात ऑगस्टाबाई दिसल्या.

ऑगस्टाबाई म्हणजे क्लबाच्या अनभिषिक्त राणी! भिंतीवर निम्मे कागद त्यांचे. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही नेमबाजीच्या मैदानावर शिट्टी त्यांच्याच गळ्यात. तर या बाई कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या दारूच्या दोन मोठ्या बरण्या उचलत होत्या. जुना माल, पिवळं झाकण.

मर्विन लगबगीने जवळ सरकला. "बाई, ही... चांगली आहे का हो?"

"अरे, मी दुसरं काही घालतच नाही आता! गेल्या वर्षीचा घोस बघायला हवा होतास. इतका घट्ट, की मधे बोट शिरेना!"

"अरे बाप रे! आणि... एकेकाला किती?"

"मोजत कोण बसतंय? अंदाजाने!"

मोजत कोण बसतंय! मर्विनला हात जोडावेसे वाटले. तो इकडे दाणा न् दाणा तोलत होता, आणि ही बाई अंदाजाने!

"आणि वाऱ्याचं काय करता?"

"काठ्या रोवते, चिंध्या बांधते. वाऱ्याचा काय भरवसा?"

बरोबर! मैदानावर वारा कळायला सगळेच काठ्यांना फिती बांधतात.

"आणि एक सांगते," जाता जाता बाई वळल्या, "सकाळी लवकर भरपूर पाणी. दुपारी थेंब नाही!"

मर्विनने पिवळ्या झाकणाच्या उरलेल्या सगळ्या बरण्या गाडीत घातल्या. दुकानदार "अरे, हे तुला कशाला..." म्हणेपर्यंत गाडी चौकात पोचली होती.

घरी येऊन, कुठल्या काडतुसात कुठली दारू किती भरायची त्या कोष्टकाचं पुस्तक उघडलं. पिवळं झाकण मोठ्या, जाडजूड काडतुसांच्या पानावर होतं. बारीक काडतुसाच्या पानावर नावच नाही! कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. मर्विन म्हणाला, "म्हणून तर ते गुपित!"

तेवढ्यात डॅरिल टपकला. "दाजी, माझी पण भरा ना पाच. मला त्यातलं काही कळत नाही, माहितेय तुम्हाला."

मर्विनच्या डोळ्यांत चमक आली. "का नाही? घरचाच आहेस!" पिवळी बरणी त्याने पायाने टेबलाखाली सारली आणि हिरवी वर काढली. तरी स्वभाव कुठं जातो? वाईट भरायचं म्हटलं तरी त्याला जमेना. एकेक काडतूस दोनदा तोललं, घासलं, पुसलं, अगदी मुलाला शाळेला पाठवावं तसं.

"काय दाजी तुम्ही! देवमाणूस!" डॅरिल म्हणाला.

शनिवारी मर्विन पहाटे उठला आणि तांब्यांनी पाणी प्यायला. मैदानावर येईस्तोवर त्याची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. सगळा क्लब जमलेला, एलवुड खुर्चीत बसलेला, आणि हा गुडघ्याला गुडघा दाबून बंदुकीमागे!

ऑगस्टाबाईंनी शिट्टी फुंकली. मर्विनने श्वास रोखला, (बाकीही बरंच काही रोखलं) आणि चाप ओढला.

फुस्स!

आवाज असा, की कुणीतरी मागे वळून कुत्र्याकडे बघितलं. गोळी कागदाच्या पार खाली मातीत. दुसरी, फुस्स! ही कागदाच्या कोपऱ्यात. तिसऱ्यांदा तो चाप ओढणार तोच बाईंची शिट्टी कर्कश वाजली.

"थांब! बंदूक खाली ठेव, मर्विन! नळी मोकळी आहे का बघ आधी!" बाई तरातरा आल्या, एक काडतूस उचललं. "यात काय भरलंयस?"

"तुमचीच... पिवळ्या झाकणाची."

"पिवळ्या झाकणाची?" बाईंचा आवाज चढला. "अरे गाढवा, ते मी टोमॅटोला घालते! जुनी दारू खत म्हणून! पुस्तकात नाही ते नळीत घालायचं नाही, हे तुला मी सांगायला हवं? डोळा गेला असता तुझा!"

मग एकदम थबकून म्हणाल्या, "म्हणजे दुकानातल्या उरलेल्या बरण्या तू पळवल्यास होय!"

हशा असा पिकला की मर्विनने त्याचा फायदा घेऊन आधी मुतारीकडे धाव ठोकली.

परत आल्यावर त्याने नळी तपासली, मुकाट्याने घासून लख्ख केली आणि डॅरिलच्या हाती दिली. डॅरिल तोंडात च्युइंगगम घोळवत बसला. ठाक! ठाक! ठाक! ठाक! ठाक! वाऱ्याच्या फितींकडे पठ्ठ्याने बघितलंसुद्धा नाही.

कागद आला. मधोमध एक भोक.

"एकच लागली!" मर्विन ओरडला. "चार बाहेर गेल्या!"

"मागची पट्टी आणा," एलवुड म्हणाला. याच शंकेसाठी कागदामागे एक कागदी पट्टी हळूहळू सरकत असते, म्हणजे प्रत्येक गोळीचं भोक तिच्यावर वेगळं उमटतं. पट्टी आली. तिच्यावर ओळीने पाच भोकं!

पाच गोळ्या शंभर यार्डांवरून एकामागे एक त्याच बारीक दारातून आत गेल्या होत्या! मर्विनने कागद उजेडाकडे धरला. भोकाची कड इतकी गोल, इतकी नितळ, की त्याला भरून आलं. बंदूक, डॅरिल, नाताळचे दिवे, सगळं तो विसरला. माणसाच्या हातून असं होऊ शकतं! ऑगस्टाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हळूच म्हणाल्या, "माझ्याच्याने सुद्धा नाही झालं रे असं कधी."

"दारू कुठली होती?" कुणीतरी विचारलं.

"मला काय माहीत! दाजींनी भरून दिली," डॅरिल म्हणाला.

"हिरवं झाकण," मर्विन पुटपुटला. आणि मग त्याच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. "बाबा! काडतुसं मी भरली होती! पाचही! माझ्या हातची!"

एलवुडने जावयाकडे कौतुकाने पाहिलं. उठून जवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मर्विनने बंदूक घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"सुंदर भरलीस, जावईबापू! असं काम मी जन्मात बघितलं नाही," म्हातारा म्हणाला आणि बंदूक डॅरिलच्या हातात दिली. "आता दर शनिवारी याला भरून देत जा!"