मानसशास्त्राची सही

फोन घ्यायला सहादेवनं दोन पावलं बाजूला जायला हवं होतं, एवढंच. पण सुप्याच्या कारखान्यात पॅकिंगचं मशीन सोडलं की सुपरवायझर डोळे वटारतो, म्हणून त्यानं त्या धडधडाटातच मोबाईल कानाला लावला.

"पप्पा, मी केमिस्ट्री सोडतेय," लेक निकिता ओरडून सांगत होती. "मानसशास्त्र घेतेय. उद्या सहीला या, शेवटची तारीख हाय!"

सहादेवला ऐकू आलं, 'मांसशास्त्र.'

आता सहादेव पक्का माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही (वाढदिवसाचा केक घेतानाही बेकरीवाल्याला शपथ घालतो). पोरगी नगरला बी.एस्सी.ला लागली तेव्हा यानं अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले होते. पांढरा कोट घालून ती लॅबमध्ये बसणार आणि आपण काचेतून बघणार, असं त्याचं स्वप्न. त्या कोटातल्या हातात आता सुरा दिसायला लागला.

"मटनाचं दुकान टाकायचं शिकती तुझी पोरगी," घरी येऊन तो बायकोवर खेकसला.

"अवो, नीट ऐकलं का तुमी?" सुरेखा म्हणाली.

"मी काय बहिरा हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो नगरला गेला आणि थेट विभागप्रमुख राजेश्वरी मॅडमपुढं उभा राहिला.

"मॅडम, आमच्यात हे चालत न्हाई."

मॅडमना अशा पालकांची सवय होती. "काका, या विषयाबद्दल फार गैरसमज आहेत. एकदा गोडी लागली की सुटत नाही बघा."

"त्याचंच तर भ्या हाय! आन् प्रॅक्टिकलला काय आनता?"

"माणसंच लागतात. बरीच मुलं घरच्यांवरच करतात. आई, नाहीतर वडील."

सहादेवनं खुर्ची घट्ट धरली. "मग... त्या वडलांचं पुढं काय हुतं?"

"काही नाही. चहा पाजून घरी पाठवतो."

तेवढ्यात फॉर्म घेऊन निकिता आत आली. बापाचा पांढराफटक चेहरा बघून तिनं दोन प्रश्न विचारले आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, मन! मनाचं शास्त्र!" मॅडम हसू लपवायला खिडकीकडं वळल्या.

सहादेव खाली बसला. मग हळूच म्हणाला, "आन् लॅब?"

"पप्पा, लॅबमधी माझं बाटल्यांकडं ध्यान नसतं. त्या धुनाऱ्या मावशी आज गप का, हेच डोक्यात फिरतं."

सहादेवला आठवलं, ओव्हरटाईम करून आलं की ही चिमुरडी दारातूनच तोंड बघायची. बोलायचं का पाणी देऊन गप बसायचं, तिला बरोबर कळायचं. त्यानं पेन मागितलं. सही इतकी ऐसपैस केली, की चौकटीबाहेर गेली आणि ऑफिसातल्या क्लार्कनं पुन्हा करायला लावली.

परतीच्या गाडीत मात्र त्याची छाती फुगली. पोरगी आपल्यावरच गेली. माणसं ओळखणं रक्तातच हाय! घरी सुरेखा त्याच्याकडं एकटक बघत राहिली.

"तुझ्या मनात काय हाय, सांगू?" तो मायेनं म्हणाला. "पोरीच्या आठवनीनं जीव भरून आलाय."

"न्हाई," सुरेखा म्हणाली. "तुमी सदरा उलटा घातलाय. सकाळी फाटकापतुर हाका मारत आले, पर तुमी ऐकाल तर ना!"