चाळीसपैकी तिसरं पान

व्याह्यांनी भेट दिलेलं चित्र शेरेसाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाकीची पानं कधी मिळतील?"

चित्राखाली पेन्सिलीने ३/४० असं लिहिलं होतं. जन्मभर फायली चाळलेल्या माणसाने याचा दुसरा अर्थ तरी काय लावायचा? (शेरे हे त्यांचं आडनाव नव्हे. समोर आलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारायच्या खोडीमुळे ते कचेरीत चिकटलं.) व्याही स्वतः ठसे करून चित्रं छापणारे. एकाच ठशाची चाळीस चित्रं काढली, त्यातलं हे तिसरं, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

"म्हणजे नक्कल," शेरेसाहेब म्हणाले. "अस्सल प्रत स्वतःकडे ठेवलीत, ते बरं केलंत."

त्यानंतर लेक फोनवर फक्त आईशी बोलू लागली. बाबांना निरोप एवढाच, की रविवारी सासरे जेवायला येताहेत. एक तर या छपाईतलं काही समजून घ्या, नाहीतर खाली मान घालून जेवा.

शेरेसाहेब इरेला पेटले. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणून त्यांनी घोकंपट्टी केली. लाकूड कोरलं की शाई उंचवट्यावर बसते. तांब्याच्या पत्र्यावर ओरखडलं, तर वरची शाई पुसून टाकायची, खाचांतली तेवढी कागदावर येते. दगडावरच्या छपाईत उंचवटाही नाही आणि खाचही नाही, तिथे सगळा कारभार तेल-पाण्याच्या वैरावर. पाठ झालं, पण समजलं असं वाटेना. (नोकरीतल्या नियमावलीचंही तसंच झालं होतं.) आता करूनच पाहायचं.

बायको बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी भाजी चिरायची लाकडी फळी पळवली. तिच्या कोऱ्या बाजूवर घुबड कोरलं. उमटला तो बूट. शाईऐवजी बुटाचं पॉलिश वापरल्याचा हा परिणाम नसावा.

चिडून त्यांनी फळी उलटी केली. तिकडे सुरीच्या खाचा आयत्याच होत्या. पॉलिश चोपडलं, वरचं पुसून घेतलं, ओला कागद पसरला आणि त्यावर ते स्वतः चढून उभे राहिले. तेवढ्यात बायको परतली.

"हे काय चाललंय?"

"छपाई."

"माझ्या फळीवर उभं राहून?"

"दाब लागतो."

"आणि पुसलंत कशाने?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. तिचा पाहुण्यांसाठी राखलेला टॉवेल मात्र तिथेच पडला होता.

रविवारी शेरेसाहेबांनी लाकूड, तांबं, दगड न अडखळता सांगून टाकलं. व्याही खूश झाले, लेकही हसली. तिथेच थांबले असते तर ते शेरेसाहेब कसले? त्यांनी आपले दोन्ही कागद आणून मांडले.

"बूट बरा जमलाय," म्हणत व्याह्यांनी घुबड बाजूला ठेवलं. दुसरा कागद घेऊन मात्र ते खिडकीशी गेले. मधे दाट, कडेला विरळ, एकमेकींना छेदत गेलेल्या रेषा. कागद उजेडात धरून ते वळले.

"या रेषा ठरवून येत नाहीत. वर्षानुवर्षं हात चालावा लागतो. कोणी कोरल्या?"

शेरेसाहेबांनी तोंड उघडलं. लेक त्यांच्याकडेच पाहत होती.

"हिने," बायकोकडे बोट दाखवत ते म्हणाले.

व्याह्यांनी खिशातली पेन्सिल पुढे केली. "मग विहीणबाई, सही तुमची."

"आणि फळीवर उभे राहिले ते हे. यांचं नाव कुठे लिहायचं?"

"नुसत्या वजनाचं नाव लिहायची पद्धत नाही."

तिने सही केली, शेजारी १/१ असा आकडा टाकला आणि कागद नवऱ्याकडे सरकवला.

"बाकीची पानं मागू नका," ती म्हणाली. "आणि जेवण झालं की नवी फळी आणा. टॉवेलसुद्धा."