आलंय ते वाचा

आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नाला सगळा कारखाना लोटला, एकटे सर्जेराव हवालदार गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क तणतणत आले, तेव्हा हवालदारांनी शांतपणे खिशातून पत्रिका काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. छापखान्याच्या कृपेने तिथे छापलं होतं, "आपण सहकुटुंब अगत्य न येण्याचे करावे." तीनशे माणसांनी ती पत्रिका वाचली होती आणि तो 'न' एकालाही दिसला नव्हता.

"लिवलंय तसं केलं," हवालदार म्हणाले. "सहकुटुंब न्हाई आलो."

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याने कॉम्प्युटर घेतला होता आणि प्रोग्रॅम लिहायला मला आणलं होतं. मी वाईचा, पुण्यात शिकलेला. हवालदार फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या पलटणीत, वीस वर्षं काढून आलेले. मशीनमध्ये भोकं पाडलेली कार्डं घालायची आणि छापून निघालेले कागद फाडून घ्यायचे, एवढंच त्यांचं काम. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी नाक खुपसावं असं कुठेही ठरलं नव्हतं. ते रोज खुपसायचे.

"वाईकर, आलंय ते वाचा. यायला पायजे ते न्हवं." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचो. कँटीनमध्ये 'येथे बसून वर्तमानपत्र वाचू नये' अशी पाटी होती, तर हवालदार बरोबर त्या पाटीखाली उभे राहून पेपर वाचायचे. कँटीनवाला हात जोडायचा.

माझा प्रोग्रॅम हातात घेण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढून मशीनवर ठेवायचे. "अक्कल ठिवली तितं. आता मी मिशिन. मला कायबी ठावं न्हाई. सांगा." मग एकेका ओळीला बोट लावून "म्हंजे काय?" माझं टाळकं सरकायचं. पहिल्या वर्गात पास झालेला माणूस मी, मला तो प्रोग्रॅम एका नजरेत कळायचा. कळणारच, लिहिला मीच होता.

त्या हंगामात ऊसतोडीची यादी प्रथमच कॉम्प्युटर काढणार होता. गावोगावचे कारखान्याचे मदतनीस कोणाचा ऊस कुठल्या महिन्यात लावला ते लिहून पाठवायचे. आम्ही दर शेताचं एक कार्ड करून त्यात तो महिना भोकं पाडून टोचायचो, आणि मशीन महिन्यामहिन्याची कार्डं उचलून यादी छापायचं. यादीत नाव आलं की तोडणीची टोळी शेतात जायची.

पहिल्या तीन याद्या झकास निघाल्या. फक्त आनसाबाईंचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. आनसाबाई साठीच्या, घरात एकट्या, मुलगा फौजेत सरहद्दीवर. दर मंगळवारी येऊन ऑफिसच्या दारात उभ्या राहायच्या. "आवं सायेब, तुमच्या मिशिनीला माझाच ऊस का दिसंना? तुरं आल्यात त्येला. पोकळ हुयाला लागलाय."

मी तिन्ही वेळा प्रोग्रॅम वाचला आणि तो तिन्ही वेळा बरोबर निघाला. चौथ्या मंगळवारी त्या दारात उभ्याही राहिल्या नाहीत, येऊन नुसत्या बाकावर बसल्या. मला फार वाईट वाटलं. पण चूक माझी असेल, असं काही वाटलं नाही.

हवालदारांनी टोपी काढली. आनसाबाईंच्या गावचा कार्डांचा गठ्ठा टेबलावर पसरला आणि मला म्हणाले, "वाचा. वळ आन् वळ."

मी वाचत गेलो. पहिल्या महिन्याची कार्डं उचल. त्यांनी उचलली. दुसऱ्या महिन्याची उचल. उचलली. असं करत बारा महिने झाले.

"संपलं," मी म्हणालो.

"तुमचं संपलं. माझं एक उरलंय."

टेबलावर एकच कार्ड होतं आणि त्यात महिन्याच्या जागी भोकच नव्हतं. आनसाबाईंचा ऊस खोडवा होता, मागच्या तोडीच्या बुडख्यांतून फुटलेला. बाकीचे मदतनीस खोडव्याला मागच्या तोडीचा महिना लिहायचे. यांच्या गावचा माणूस सरळ. खोडव्याला लावण कुठली, म्हणून त्याने जागा कोरी सोडली होती. मशीनला कोरं म्हणजे शून्य, आणि शून्याव्या महिन्याचं कार्ड उचल असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. ऊस म्हटला की लावणीचा महिना असणारच, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की ती कोरी जागा मला शंभरदा बघूनही दिसली नसती. हवालदारांनी काही ठाऊक नसल्यासारखं पाहिलं, म्हणून त्यांना दिसली.

"हवालदार, हे मला का दिसत नाही हो?" मी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा खरंच विचारलं.

"मलाबी दिसत न्हवतं." त्यांनी टोपी उचलली, पण घातली नाही. "आसामात हुतो तवा. आई मास्तराकडनं पत्र लिवून घ्यायची. सुरवात ठरल्याली, इकडील सर्व क्षेम. एका पत्रात ती वळच न्हवती. खोटं कशाला लिवायचं म्हणाली आसंल. आन् म्या ती वाचली, वाईकर. नसल्याली वळ वाचली आन् पत्र खिशात घालून निवांत ऱ्हायलो. सुट्टीवर आलो तवा आई न्हवती. मग बोट लावून वाचलं."

या माणसाच्या बोटाला मी वर्षभर हसत होतो.

यादी दुरुस्त झाली, टोळी गेली, ऊस तुटला. पुढच्या मंगळवारी आनसाबाई आल्या त्या निळं अंतर्देशीय पत्र घेऊन. गावचे मास्तर परगावी गेले होते आणि मुलाला पत्र धाडायचं होतं. हवालदार माझ्याच टेबलाशी लिहायला बसले.

"काय लिवू पयलं?"

"न्हेमीचंच. इकडील सर्व क्षेम."

त्यांनी लिहिलं. मग त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि पुढे लिहीचनात.

"खरं हाय न्हवं, मावशी? पोरगं खरं धरून बसंल."

खिडकीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आनसाबाईंनी तिकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आता हाय," त्या म्हणाल्या. "लिवा फुडं."