स्लॅबच्या घरात कोण राहतं?

सुनिल मडावी अंगणवाडीत गेला होता तो लेकीला आणायला. तिचं बोट धरून गुमान घरी आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गावच्या सहकारी सोसायटीच्या कचेरीत लिपिक असल्यामुळे त्याला एक सवय जडली होती. दोन माणसं बोलताना दिसली की आपलं मत मांडल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे.

अंगणवाडीच्या स्वातीताई मदतनीस बाईला सांगत होत्या, की या आठवड्यात पोरांचा विषय आहे ‘घरं आणि इमारती’. कुडाचं घर दाखवून झालं, मातीचं झालं, शाळेची इमारत तर समोरच आहे. आता राहिलं स्लॅबचं.

“स्लॅबचं पाहाचं असन तं उद्या आमच्याकडं आना ना पोरायले,” सुनिल म्हणाला. “टाईल्सवालं हाये.”

घर होतं, टाईल्स होत्या, रंगही गुलाबी होता. अडचण एवढीच होती, की त्या घरात कोणी राहत नव्हतं.

म्हणजे पहिल्या दुपारी राहून पाहिलं होतं. सुनिलची आई सुकरीबाई स्लॅबखाली घटकाभर आडवी झाली आणि घामाघूम होऊन उठली. “हे घर होय का भट्टी होय?” असं म्हणून तिनं चटई गुंडाळली आणि मागच्या जुन्या, मातीच्या भिंतींच्या, कवेलूंच्या कौलारू घरात परत गेली. शिवाय घरचा देव अजून तिथंच होता. भावकीतली जाणती माणसं जमून देव बसवल्याशिवाय नवं घर घर होत नाही, आणि ती माणसं काही जमत नव्हती. जिथं देव तिथं चूल, चुलीमागे बायको रीना, रीनामागे चार वर्षांची सोमारी, आणि जेवणामागे सुनिल. (माणूस तत्त्वाचा असला तरी भूक लागतेच.)

मोकळ्या घराचा मोह कोणाला सुटतो? तिथं धानाची पोती गेली, वाळवलेली मोहफुलं गेली, शेवटी एक तांबडी कोंबडी गेली आणि कोपऱ्यात अंड्यांवर बसली. “सुनिलनं धानासाठी बंगला बांधला,” असं गाव हसायचं. ते त्यानं सोसलं असतं. पण घर कुठं म्हणून विचारलं की सोमारीसुद्धा मागच्या कवेलूंकडे बोट दाखवायची, आणि ते त्याच्या जिव्हारी लागायचं. एकदा तरी चारचौघांत लेकीनं या घराला ‘आमचं’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तेव्हा त्या संध्याकाळी खाट, टीव्ही आणि गॅसची शेगडी पुढच्या घरात आली. पोती मागे गेली. मोह न्हाणीघरात कोंबून दार ओढून घेतलं. राहिली कोंबडी.

“तिले हात लावू नका जी,” रीना म्हणाली. “अंड्यावरून हलवली तं एकबी पिल्लू निंगनार नाई. मंग आत्याबाईले तुम्हीच जवाब द्या.”

आईला जवाब देण्यापेक्षा सुनिलनं खाट कोंबडीवरच सरकवली आणि चादर जमिनीपर्यंत सोडली.

सकाळी पोरं एकमेकांचे सदरे धरून रांगेनं आली. ताईंनी विचारलं, “हे कोनाचं घर हाये?”

“आमचं,” सोमारी म्हणाली. (बिस्किटाचा पुडा कबूल झाला होता.)

सुनिलचा ऊर भरून आला. पाहुणे तेव्हाच परत पाठवायला हवे होते, पण त्यानं त्यांना आत बोलावलं.

“आता सांगा, घरात काय काय असते?” ताई म्हणाल्या. मातीच्या घरात जाऊन पोरं या उत्तरात नुकतीच पक्की झाली होती.

“चूल,” पोरं म्हणाली. सुनिलनं शेगडी दाखवली. एका पोरीनं खाली वाकून पाहिलं. सिलिंडर नव्हतं. ते मागेच राहिलं होतं, आणि रीनाची भाजी तिथं चुलीवर शिजत होती.

“देव कुठी हाये?” कोलू नावाच्या पोरानं विचारलं. सुनिलनं भिंतीकडे बोट केलं.

“थे क्यालेंडर होय,” कोलू म्हणाला, आणि लगेच त्याला लघवीला लागली.

“बाहेर जा ना बाबू.”

“बाहेर काऊन, भाऊ?” ताई म्हणाल्या. “न्हानीघर आतच असते, थे तं दाखवाचंच हाये पोरायले.” आणि त्यांनी दार उघडलं.

मोह घोट्यापर्यंत आला. पोरांनी लगेच खाली बसून खायला सुरुवात केली. तेवढ्यात कोणीतरी चादर उचलली. ती खाली ओढायला सुनिल धावला, आणि कोंबडीनं त्याच्या हाताला अशी टोच मारली की तो थेट ओसरीवर जाऊन थांबला.

“मंग सोमारी,” ताईंनी शांतपणे विचारलं, “इथी राह्यते कोन?”

सोमारीनं बापाकडे पाहिलं. बिस्किटांचा विचार केला. पण ताईंशी खोटं बोलायचं नाही, हे तिला आधीच्या आठवड्यातच शिकवलं होतं.

“कोंबडी,” ती म्हणाली. “आमी मांगं राह्यतो.”

मग ती सगळ्यांना मागच्या घरी घेऊन गेली. सुकरीबाईनं चुलीजवळ बसवून प्रत्येकाला गरम भाकरीचा तुकडा दिला. पुढच्या घरात सुनिल एकटाच मोह भरत बसला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीचा विषय होता ‘प्राणी आणि त्यांची घरं’. सुनिल लेकीला आणायला गेला तेव्हा भिंतीवर पोरांची चित्रं लागली होती. चिमणीचं घरटं, मुंगीचं वारूळ, उंदराचं बीळ. आणि त्यांच्या शेजारी कोंबडीचं म्हणून एक गुलाबी घर, वर सपाट स्लॅब, खिडकीत तांबडी कोंबडी.

चित्रातल्या त्या घराबाहेर एक माणूस आपला टोचलेला हात धरून उभा होता.

“हा मी होय का?” सुनिलनं सोमारीला विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

“मंग मले आत काऊन नाई काढलं?”

सोमारीनं त्याचं बोट धरलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, “कोंबडी येऊ देत नाई ना, बाबा.”