एकशे चौऱ्याण्णव मतांचा मान

आमच्या परतूर विभागाच्या शाळा-दुरुस्ती मंडळावर शिक्षकांतून निवडलेला एक प्रतिनिधी असतो. कोणत्या शाळेला नवं छत मिळणार आणि कोणत्या शाळेने आणखी पाच वर्षं आभाळाकडे बघत शिकायचं, हे तो ठरवतो. गेल्या तीन खेपा ही जबाबदारी अंगद सरांनी एकट्याने वाहिली. त्यांच्या स्वतःच्या शाळेची दुरुस्ती तीनदा झाली. तिसऱ्या वेळी दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून प्रवेशद्वारावर कमान बांधली.

यंदा त्यांच्याविरुद्ध दीपमाला मॅडम उभ्या राहिल्या. परतूरपलीकडच्या एका वाडीवर त्यांची शाळा आहे. छताचा गिलावा मुलांच्या डोक्यावर पडायला लागल्यापासून तिचे चार वर्ग हायवेवरच्या मंगल कार्यालयात भरतात आणि लग्नाची तिथी असली की शाळेला सुटी असते. मागच्या फेब्रुवारीत चौथीच्या पोरांना भागाकार शिकायला मुहूर्तच मिळाला नाही. मॅडमना एवढं एक छत हवं होतं, आणि त्याच निवडून याव्यात असं आम्हा जवळजवळ सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं. मी राजानंद, मुख्याध्यापक, सेवा सव्वीस वर्षं.

मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. नियम असा की, आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे दिलेल्या जांभळ्या पेनाने फक्त १ हा आकडा लिहायचा. मतपत्रिकेवर दुसरी खूण, शेरा किंवा सही आढळली की मत बाद. निवडणूक अधिकारी मार्तंडराव तहसिलातून निवृत्त झालेले, जुन्या जालन्याचे गृहस्थ. त्यांनी अर्ध्या तासाचं प्रशिक्षण ठेवलं, तेव्हा आम्हाला भयंकर अपमान वाटला. दर निवडणुकीला गावोगाव जाऊन जनतेला मत द्यायला शिकवणारे आम्ही, आम्हाला हे काय शिकवणार? प्रशिक्षणावर एकमताने बहिष्कार टाकला. नाश्ता तेवढा घेतला.

मतदान झालं २१३. पहिली मतपत्रिका उघडली, तर दीपमाला मॅडमच्या नावापुढे बरोबरची मोठी खूण, खाली सही आणि तारीख. मार्तंडराव म्हणाले, बाद. दुसरीवर मॅडमना दहापैकी दहा आणि अंगद सरांना दहापैकी दोन. बाद. तिसरीवर १ होता, पण भोवती गोल काढून शेजारी ‘उत्तम’ असा शेरा होता. एकाने अंगद सरांच्या नावावर आडवी रेघ मारून ‘पुन्हा लिहा’ म्हटलं होतं. एका गुरुजींनी मॅडमना पस्तीस देऊन काठावर पास केलं होतं, कारण पैकीच्या पैकी देण्याची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत एकशे चौऱ्याण्णव मतं बाद झाली. उरली एकोणीस. त्यांत अंगद सरांना आठ, बहुधा पेपर घरच्यांकडून तपासून घेणाऱ्यांची. मॅडमना अकरा. ती यंदाच नोकरीला लागलेल्यांची असावीत, त्यांचा हात अजून तयार व्हायचा होता.

बाद मतं कितीही असोत, वैध मतांत जो पुढे तो विजयी. म्हणजे मॅडम तीन मतांनी निवडून आल्या होत्या.

इथे आम्ही गप्प बसायला हवं होतं. पण बाहेर पत्रकार उभा होता. एकशे चौऱ्याण्णव गुरुजींना एक लिहिता येईना, ही बातमी उद्या घरोघर जाणार होती. शिक्षकी पेशाच्या मानाचा प्रश्न उभा राहिला. आम्ही मागणी केली की, बोर्डाच्या परीक्षेला असते तशी पुनर्तपासणी करा. काहींनी तर बाद मतांना ग्रेस द्या म्हटलं. असा नियम नाही, असं मार्तंडरावांनी सांगताच आम्ही दारात बसकण मारली.

मॅडम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “सर, मी निवडून आलेय न्हाई का? मंग आता कशाला उकरून राह्यले?”

हा एका व्यक्तीचा प्रश्न नसून तत्त्वाचा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तेव्हा अंगद सर दिवसभरात पहिल्यांदा बोलले, “राजानंद सरांचं बिलकुल बराबर हाय. तपासणी झालीच पाहिजे.” हरलेल्या माणसाचा हा मोठेपणा पाहून आम्ही भारावलो.

शेवटी मार्तंडराव कंटाळले. तीन ज्येष्ठांची समिती नेमली गेली: मी, उमा मॅडम आणि रखमाजी सर. वैध ठरलेली मतं तरी खरोखर वैध आहेत का, हे आधी पाहणं शास्त्रशुद्ध होतं, म्हणून आम्ही त्या एकोणीस मतपत्रिका घेतल्या. एकेक उजेडात धरून पाहिली. सगळ्या निर्दोष होत्या. तशी नोंद म्हणून आम्ही प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘तपासले’ लिहिलं आणि तिघांनी सह्या केल्या.

एकोणिसावी खाली ठेवली तसे मार्तंडराव उठले. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि नियम मोठ्याने वाचला. सही कोणाची, हे नियमात कुठेही नव्हतं.

दोनशे तेरापैकी दोनशे तेरा बाद. एकही वैध मत नसल्यास विद्यमान प्रतिनिधी कायम राहतो, हा पुढचा नियम त्यांनी बसून वाचला. अंगद सरांनी आम्हा तिघांना वाकून नमस्कार केला.

दीपमाला मॅडम उठल्या. पिशवी उचलून निघाल्या, दारात थांबल्या आणि मला विचारलं, “सर, तुमची मुलगी कोणत्या शाळेत हाय?”

मी म्हटलं, जालन्यात, इंग्रजी शाळेत, तीन मजली इमारत आहे.

“मंग बराबर हाय,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मला ते फार लागलं. नंतर मी चौकशी केली. आम्हा दोनशे तेरा जणांपैकी एकाचंही मूल आमच्यापैकी कोणाच्या शाळेत नव्हतं. तुम्हाला हे वाचून आमचं हसू आलं असेल, थोडा संतापही आला असेल. तो रास्तच आहे. फक्त सांगा, तुमचं मूल कोणत्या शाळेत आहे?

मंग बराबर हाय.